घरात दगडी फरशी घालताय? आकार आणि पॅटर्न असा ठरवा

ठाणे-नवी मुंबईत कुणी फ्लॅटचं काम काढलं की आधी चर्चा होते ती कोटा की मार्बल की ग्रॅनाइट याची, आणि फरशीचा आकार, जोड कसे जाणार, पॅटर्न कुठला, हे सगळं "मिस्त्री आला की बघू" म्हणून सोडून देतात. मला हे अजिबात पटत नाही. साधा कोटासुद्धा विचार करून मांडला तर महागड्या मार्बलपेक्षा देखणा दिसतो, आणि लाखांचा मार्बल चुकीच्या तुकड्यांत कापला की पैसे गेले ते गेलेच.

दगडाच्या अंगावर रेघा, शिरा, रंग जितके जास्त, तितका तुकडा मोठा आणि पॅटर्न साधा ठेवायचा. दगड जितका शांत, एकरंगी, तितकं तुम्हाला आकारात आणि पॅटर्नमध्ये खेळता येतं. पुढे जे सांगतोय ते सगळं यावरच उभं आहे.

स्टेप १: दुकानात जायच्या आधी खोली मोजा

रुंदी एकाच ठिकाणी मोजून थांबू नका, दारापाशी, मध्ये आणि खिडकीखाली अशी तीन ठिकाणी मोजा, कारण भिंती गुण्यात, म्हणजे एकमेकींना काटकोनात, असतीलच असं नाही, जुन्या घरांत तर बघायलाच नको. तीन मापांत इंचभर फरक निघाला तर भिंतीला समांतर सरळ चौकडा टाकल्यावर शेवटच्या ओळीतली फरशी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती दिसते, आणि एकदा दिसली की रोज दिसते. अशा खोलीत तिरका पॅटर्न बरा, त्यात हा फरक लपून जातो.

मग उजेड बघा. एकाच बाजूला मोठी खिडकी असेल तर उजेड फरशीवर आडवा पडतो आणि जराशी वर राहिलेली कडसुद्धा सावली टाकते. म्हणून लांब जोड शक्यतो खिडकीकडून आत येणाऱ्या उजेडाच्या दिशेने न्यायचे.

आणि वजन. २० मिलिमीटर जाडीचा दगड चौरस फुटाला साधारण पाच किलो भरतो, म्हणजे दीडशे फुटांच्या हॉलला नुसता दगडच साडेसातशे किलो, खालचा सिमेंट-वाळूचा माल वेगळा. जुन्या टाइल्स न काढता वरच दगड घालायचा विचार असेल तर सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत दोन्ही आधी घ्या, इथे काटकसर करू नका.

स्टेप २: दगडाचा स्वभाव ओळखा

राजस्थानातला हिरवट-निळसर कोटा, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली राखाडी शहाबादी, आंध्रातला काळा कडप्पा आणि जैसलमेरचा पिवळा, हे चारही चुनखडीचे दगड, बहुतेक शांत, पॅटर्नसाठी उत्तम. मार्बलमध्ये शिरा असतात, कधी हलक्या कधी जोरात. ग्रॅनाइट ठिपक्या-ठिपक्यांचा आणि या सगळ्यांपेक्षा कडक.

दुकानातून एक तुकडा मागून आणा (घोडबंदर रोडला किंवा शीळफाट्याकडे मोठे गोडाऊनवाले देतात मागितलं की) आणि घरी तीन गोष्टी करा. पाणी मारून बघा, पॉलिशनंतर रंग जवळपास तसाच गडद येतो. रात्री ट्यूबलाइटखाली बघा, कारण दुकानातला लखलखाट तुमच्या हॉलमध्ये नसतो. आणि अर्धं लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवा. चुनखडी आणि मार्बल दोन्हीवर पुसटसा डाग उठतो, चमक जाते, ग्रॅनाइटला काही होत नाही. किचनमध्ये कोकम, चिंच, लिंबू रोजचंच, म्हणून ओट्याला ग्रॅनाइट आणि तोही कमीत कमी जोडांचा, सलग स्लॅब. किचनच्या जमिनीला कोटा चालतो, फक्त सांडलं की लगेच पुसायचं.

स्टेप ३: आता पॅटर्न

सरळ चौकडा. सगळ्यात साधा, शिरांच्या मार्बलसाठी हाच. पण मांडणीचं गणित करा. समजा हॉल दहा फूट रुंद, म्हणजे १२० इंच, आणि कोटा २२ बाय २२ चा. एका भिंतीपासून सुरुवात केली तर पाच अख्ख्या फरश्या बसतात आणि शेवटी दहा इंचांची पट्टी उरते, ती नेमकी समोर दिसते. त्यापेक्षा मधोमध चार अख्ख्या घ्या, दोन्ही भिंतींकडे १६-१६ इंचांचे तुकडे येतात, डोळ्याला बरोबर वाटतं. किंवा पाच अख्ख्या मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना पाच-पाच इंचांची कडप्प्याची बॉर्डर फिरवा, हे मला सगळ्यात आवडतं, खर्च किरकोळ आणि खोलीला एकदम आकार येतो. जोडांची जाडी मिस्त्री ॲडजस्ट करेल.

विटांच्या जोडासारखा, म्हणजे प्रत्येक ओळ अर्ध्याने सरकवलेली. लांबट तुकड्यांना छान दिसतो. लांब बाजू पॅसेजच्या लांबीत ठेवली तर पॅसेज आणखी लांब वाटतो, आडवी ठेवली तर रुंद वाटतो, आणि आपल्याकडचे पॅसेज आधीच बोगद्यासारखे असतात तेव्हा आडवीच ठेवा.

तिरका म्हणजे डायमंड. इथे एक माप लक्षात ठेवा, २२ इंची फरशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ३१ इंच होते. तीन फुटी पॅसेजमध्ये ती जेमतेम एक बसते आणि बाकी सगळे त्रिकोणी तुकडे, म्हणून तिथे तिरकं करायचंच असेल तर फुटाची फरशी घ्या, ती तिरकी १७ इंच होते, दोन शेजारी-शेजारी येतात.

हेरिंगबोन, म्हणजे लांबट पट्ट्या एकमेकींना काटकोनात लावून केलेली नागमोडी मांडणी. सध्या सगळ्यांना हवाय आणि कोट्यात तो खरंच सुंदर दिसतो. दोन फुटी कोट्याच्या फरशीतून चार पट्ट्या निघतात, पण ब्लेड प्रत्येक कापाला दोन-तीन मिलिमीटर दगड खातं, त्यामुळे पूर्ण सहा इंच मिळत नाहीत. २३ बाय पावणेसहा इंच असं माप ठरवून द्या, म्हणजे रुंदीच्या बरोबर चौपट लांबी येते आणि पॅटर्न जुळतो. पट्ट्या मशीनवरच कापून घ्या, साइटवर हातकटरने कापलेल्या पट्टीत दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी दहाव्या ओळीपर्यंत जोड फाटायला लागतात. शेव्हरॉन वेगळा, त्यात पट्टीची टोकंच तिरकी कापलेली असतात आणि मधून एक सरळ रेघ जाते, तो कापायला आणि बसवायला जास्त अवघड, अनुभवी मिस्त्री नसेल तर नादी लागू नका. शिरांच्या मार्बलमध्ये हेरिंगबोन नकोच, शिरा एका दिशेला आणि पट्ट्या दुसऱ्या दिशेला, डोळा कुठे ठरतच नाही.

काळा-पांढरा बुद्धिबळाचा पट. यात दोन्ही दगड एकाच कडकपणाचे घ्यायचे. कडप्प्याबरोबर पांढरा मार्बल किंवा कोटा ठीक, पण पांढऱ्या मार्बलबरोबर काळा ग्रॅनाइट घेतला तर पॉलिशच्या मशीनखाली मार्बल जास्त घासला जातो, ग्रॅनाइट कमी, आणि फरशी एका पातळीत राहत नाही.

चार मापांचा फ्रेंच पॅटर्न, ८ बाय ८, ८ बाय १६, १६ बाय १६ आणि १६ बाय २४ इंच अशा चार तुकड्यांचा. जैसलमेर किंवा शहाबादीत झकास, पण मोठी जागा हवी, वाशी-नेरुळकडच्या रो हाऊसच्या ओसरीला किंवा टेरेसला करा, दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये तो उलगडतच नाही.

षटकोन छोट्या जागेला. देवघरासमोर, मुख्य दाराच्या आत चार-पाच फुटांत. जाळीवर चिकटवलेली मार्बलची शीट मिळते, ती लावताना दोन शीटमधला जोड इतर जोडांइतकाच राहतोय ना हे बघायला कुणीतरी घरचं समोर उभं राहा.

शहाबादीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांचं अंगण करायचं असेल तर दोनच नियम: चार कोपरे एका ठिकाणी भेटू द्यायचे नाहीत, आणि लांबच लांब सरळ जोड पडू द्यायचा नाही.

बाथरूम आणि बाल्कनीसाठी वेगळा विचार

इथे मोठा तुकडा घेऊ नका. पाणी ट्रॅपकडे, म्हणजे निचऱ्याच्या जाळीकडे, जायला फुटाला साधारण चार मिलिमीटर उतार लागतो, आणि तो चारही बाजूंनी द्यायचा तर दोन फुटी दगड वाकत नाही, त्याला तिरके काप द्यावे लागतात. फुटाचे किंवा त्याहून लहान तुकडे घेतले की उतार सहज बसतो आणि जोड जास्त असल्यामुळे पायाला पकडही मिळते. फिनिश खरखरीत हवा, ग्रॅनाइट असेल तर फ्लेम केलेला, म्हणजे आगीच्या झोताने खरखरीत केलेला. घरात आजी-आजोबा असतील तर यावर तडजोड नको. बाल्कनीत आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात शेवाळ धरतं, त्यामुळे तिथे खोलगट जोड ठेवू नका, भरून घ्या. आणि ॲसिडने बाथरूम धुवायची सवय असेल तर मार्बल-कोटा घेण्याआधी ती सवय सोडा.

स्टेप ४: माल मागवताना

सरळ पॅटर्नला ७ ते १० टक्के जादा, तिरक्याला आणि हेरिंगबोनला १५ टक्के. दीडशे फुटांच्या हॉलला हेरिंगबोन म्हणजे पावणेदोनशे फूट धरा. सगळा माल एकाच लॉटचा, एकाच वेळी. जाडी पण तपासा, दहा फरश्या शेजारी उभ्या करून वरून नजर टाका. बसवल्यावर मशीन पॉलिश होणार असेल तर थोडा फरक निघून जातो, पण खरखरीत किंवा आधीच पॉलिश केलेला दगड घेतला तर जाडी एकसारखी मिळालीच पाहिजे. मजुरीचा रेट पॅटर्नप्रमाणे आधी बोलून घ्या, हेरिंगबोनला सरळ फरशीचा रेट कुणी लावत नाही.

स्टेप ५: सुकी मांडणी, ही चुकवू नका

सिमेंट कालवायच्या आधी सगळी फरशी, निदान हॉलची तरी, कोरडीच मांडून बघायची. मिस्त्री कुरकुर करेल, अर्धा दिवस जातो म्हणेल, तरी करा. आधी मधली दोरी ताणून घ्या, तिला काटकोनात दुसरी, आणि काटकोन तपासायला एका दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, दोन खुणांमध्ये बरोबर पाच फूट यायला हवेत. मग मांडलेल्या फरशीकडे मुख्य दारात उभं राहून बघा, कारण पाहुणा पहिल्यांदा तिथूनच बघणार. कोट्यात एखाद्या तुकड्याला तपकिरी छटा असते, तो उचलून सोफ्याखाली न्या. मार्बलची शीर एका तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात जाताना अचानक तुटत असेल तर तुकडा फिरवून बघा, बऱ्याचदा जुळते. जमलं की प्रत्येक फरशीच्या मागे खडूने नंबर आणि बाण, आणि वरून मोबाइलवर फोटो.

मग बसवायचं. पांढऱ्या मार्बलखाली पांढरं सिमेंटच, राखाडी सिमेंटची झाक वर उमटते. पावसाळ्यात काम असेल तर पॉलिश आणि सीलर (दगडात डाग-पाणी मुरू न देणारा लेप) लावायची घाई करू नका, ओल पूर्ण जाऊ द्या, नाहीतर पांढरा क्षार जोडांतून वर येतो.

उरलेल्या आठ-दहा फरश्या भंगारवाल्याला देऊ नका, माळ्यावर किंवा पलंगाखाली उभ्या ठेवा. पुढे पाइप फुटून जमीन फोडायची वेळ आली तर त्या लॉटची शेड बाजारात परत मिळणं कठीण असतं.