ट्रेक निवडताना आधी चढ-उतार मोजा

ट्रेक किती अवघड ते सांगणाऱ्या ‘मध्यम’ या शब्दावर मी आता विश्वास ठेवत नाही. कुणासाठी मध्यम? माहितीपत्रकात अंतर ठळक छापलेलं असतं. मी आधी रोजचा चढ-उतार किती मीटर ते शोधते. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ मधला ठोकताळा अजून कामाला येतो: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक. म्हणजे १५ किलोमीटर आणि १२०० मीटर चढ असेल तर पाच तास, विश्रांती सोडून. पाठीवर ओझं असलं की जास्तच धरा. असे दोन दिवस सलग चालून बघा. चढावर माझे गुडघे कधी कुरकुरले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या उतारावर मात्र मी खेकड्यासारखी तिरकी उतरत होते.

उंचीचं गणित वेगळं. आफ्रिकेतल्या किलिमांजारोच्या (५८९५ मीटर) नेहमीच्या वाटांवर दोर लागत नाही, तरी विरळ हवा बाधून धडधाकट माणसं अर्ध्यातून परततात. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढत असेल तर तो कार्यक्रम मी बाजूला ठेवते.

क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांखाली बांधायचे धातूचे खिळे) लागणारी मोहीम शिकल्याशिवाय नकोच. हातमोजे घालून ते पहिल्यांदा बांधायला मला वीस मिनिटं लागली होती.