तोंडचं वाक्य फळ्यावर: पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवताना

आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. एका वर्षी पहिल्याच आठवड्यात पहिलीतली एक पोरगी माझ्या टेबलाशी येऊन सांगून गेली, "सर, माह्या बाबानं बकरी आनली." त्या दिवशी मी मुळाक्षरांचा तक्ता काढणार होतो. तो गुंडाळून ठेवला आणि तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं. तेव्हापासून मी पहिली-दुसरीचं वाचन इथूनच सुरू करतो, मुलाच्या स्वतःच्या वाक्यापासून. त्याला स्वतःला काय म्हणायचं होतं ते आधीच माहीत असतं, त्यामुळे फळ्यावरच्या रेघोट्यांना पहिल्या दिवसापासून अर्थ असतो.

वाक्यापासून माचिसच्या डबीपर्यंत

रोज सकाळी परिपाठ झाला की तीन मुलांना एकेक वाक्य विचारा. वर्गात अठरा मुलं असतील तर आठवड्याच्या सहा दिवसांत सगळ्यांची पाळी येते. "काल घरी काय झालं?" एवढा प्रश्न पुरतो. वाक्य चार-पाच शब्दांचं असावं. ते मुलानं म्हटलं तसंच मोठ्या अक्षरात लिहा. लिहिताना प्रत्येक शब्द तोंडानं म्हणा, आणि दोन शब्दांत चांगली बोटभर जागा सोडा. बोलताना शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे असतात हे मुलाला पहिल्यांदा त्या मोकळ्या जागेतूनच दिसतं.

आता शब्दाखालून पट्टी फिरवत सगळ्यांनी दोनदा वाचायचं. मग ज्याचं वाक्य त्यानं एकट्यानं वाचायचं. तो पाठ म्हणतो आहे असं वाटेल. वाटू द्या. पट्टी आणि तोंड एकाच शब्दावर आहे का, एवढंच बघा.

मधल्या सुट्टीत तेच वाक्य जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहा आणि शब्द कात्रीनं सुटे करा. मुलानं ते जमिनीवर परत जुळवायचे. बकरी आधी आली, बाबा मागं राहिला, तर वाक्य कसं ऐकू येतं ते मोठ्यानं वाचून दाखवा. पोरं खळखळून हसतात आणि लगेच दुरुस्त करतात. जुळवून झालं की पट्ट्या माचिसच्या रिकाम्या डबीत जातात. डबीवर मुलाचं नाव. दिवाळीपर्यंत प्रत्येकाकडे स्वतःच्या शब्दांचा छोटा साठा होतो, आणि ही डबी पोरं दप्तरात जपून ठेवतात.

अक्षरं कोणत्या क्रमानं

'क ख ग घ ङ' हा क्रम उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेला आहे, वाचायला शिकण्यासाठी नाही. 'ङ' शिकून मूल कोणता शब्द वाचणार? त्यापेक्षा क, म, र, न, ब ही पाच अक्षरं आणि काना एवढंच घ्या. त्यात काम, कान, नाक, रान, मका, बारा, मामा, बाबा, कमान आणि बकरा एवढे शब्द निघतात. दीर्घ वेलांटी आली की त्या पोरीची बकरीही वाचता येते. पुढची अक्षरं मुलांच्या डब्यांतल्या शब्दांतून निवडा. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या एकाच आठवड्यात घेऊ नका. एक पक्कं होऊ द्या, मग दुसरं.

अक्षर गिरवायला चिंचोके उत्तम. फरशीवर खडूनं मोठं अक्षर काढायचं आणि त्यावर चिंचोके मांडत जायचं, पण लिहिण्याच्या दिशेनंच. पावसाळ्यात अंगणातली ओली माती आणि एक काडी पुरते. कापसाच्या गावात सरकी सहज मिळते म्हणून मुद्दाम सांगतो: पेरणीच्या पाकिटातली रंगीत सरकी मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. तिला औषध लावलेलं असतं, आणि या वयाची पोरं वस्तू तोंडात घालतातच.

खरी अडचण अक्षरं ओळखू आल्यावर सुरू होते. मूल 'ब…क…रा' असं सुटं म्हणतं आणि शब्द काही हाती लागत नाही. याचं कारण आपल्या लिपीत आहे. लिहिलेलं प्रत्येक अक्षर आपण पूर्ण उच्चारत नाही. 'बकरा' आपण 'बक्-रा' म्हणतो, 'करवत' म्हणताना 'कर्-वत्' म्हणतो. म्हणून अक्षरं फोडून म्हणवून घेण्यापेक्षा शब्दाचे बोलण्यातले तुकडे करा आणि त्यावर टाळ्या वाजवा: बक-रा, कर-वत, यवत-माळ. मूल अडलं की "हळू नको, बोलतोस तसं म्हण" एवढं सांगितलं तर पुष्कळदा गाडं पुढं सरकतं.

दुसरी अडचण ऱ्हस्व वेलांटीची. ती अक्षराच्या आधी लिहितात आणि उच्चार मात्र नंतर येतो. हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून मी माणसांची बाराखडी करतो. पुठ्ठ्यावर अक्षरं आणि चिन्हं लिहून मुलांच्या गळ्यात अडकवायची. 'दिवा' करायला चार मुलं लागतात. वेलांटीचं मूल वर्गाकडून बघताना 'द'च्या डावीकडे, रांगेत सगळ्यांच्या पुढं उभं राहतं, पण त्यानं बोलायचं 'द'च्या नंतर. काना उजवीकडे उभा राहतो. मात्रेचं मूल अक्षराच्या डोक्यावर हात धरतं, उकाराचं मूल पायाशी बसतं. 'पुसद' आणि 'नरखेड' एकदा असे उभे केले, की उकार खाली का आणि मात्रा वर का, हा प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही. बसायला मिळतं म्हणून उकार व्हायला सगळ्यांचे हात वर असतात.

घरचा शब्द चुकीचा नाही

वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो आणि 'ण'चा 'न'. पुस्तकात 'डोळा' छापलेलं असतं आणि मूल 'डोया' वाचतं. त्यानं वाचलं आहे. अक्षरंही ओळखली आहेत आणि अर्थही लागला आहे. तिथं थांबवून तीनदा 'ळ' म्हणायला लावलं, की पुढच्या वेळी ते तोंडच उघडत नाही. ही चूक मी सुरुवातीची दोन वर्षं केली आणि त्याची मला आजही खंत वाटते. आता मी तोच शब्द पुस्तकातल्यासारखा म्हणून पुढं जातो. काही महिन्यांत मुलं दोन्ही उच्चार आपोआप वापरायला लागतात.

भिंतीवर दोन रकाने करा. एकात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला: आलू आणि बटाटा, सांबार आणि कोथिंबीर, भेदरं आणि टोमॅटो, वावर आणि शेत, पऱ्हाटी आणि कपाशी. फळ्यावरच्या वाक्याचंही तेच. 'माह्या बाबानं बकरी आनली' याच्या खाली काही दिवसांनी 'माझ्या बाबांनी बकरी आणली' लिहा आणि काय बदललं ते मुलांनाच शोधू द्या. मेळघाटात घरी कोरकू असेल, यवतमाळकडे कोलामी किंवा बंजारा बोली, गडचिरोलीकडे गोंडी किंवा माडिया. तिथं हा तक्ता आणखी गरजेचा आहे. शब्द आपल्याला येत नसतील तर एखाद्या आईला, अंगणवाडीच्या ताईंना किंवा चौथीतल्या पोरांना विचारून लिहायचे.

वर्गाबाहेरचं वाचन

आठवड्यातून एकदा गावात वाचनफेरी काढा. किराणा दुकानाची पाटी, ग्रामपंचायतीचा फलक, बिस्किटाचा पुडा, एसटीची पाटी, जे दिसेल ते वाचायचं. शाळेत आल्यावर स्वयंपाकाच्या ताईंना विचारून आजचा पोषण आहार एका मुलानं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा. भुकेच्या वेळेला ते वाचायला कुणाला सांगावं लागत नाही.

दुसरीसाठी जिल्ह्यांचा खेळ घ्या. विदर्भातल्या ११ जिल्ह्यांच्या पट्ट्या करा आणि मुलांना गट पाडू द्या. नुसता काना असलेलं एकच नाव आहे, यवतमाळ. अनुस्वार भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरमध्ये. जोडाक्षर दोनच नावांत, वर्धा आणि चंद्रपूर. रफार शिकवायला 'वर्धा'पेक्षा जवळचा शब्द मला तरी सापडलेला नाही.

पोळा आणि भुलाबाई (मुलींचा गाण्यांचा सण) हे वाचनासाठी मोठे दिवस. पोळ्याच्या झडत्या, म्हणजे त्या दिवशी म्हणायची यमकातली पदं, आणि भुलाबाईची गाणी मुलांना तोंडपाठ असतात. त्यातल्या दोन ओळी मोठ्या कागदावर लिहा आणि म्हणत म्हणत बोट फिरवायला लावा. पाठ असलेला मजकूर छापील अक्षरांशी जोडण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल आणतात तेव्हा प्रत्येकानं आपल्या बैलाचं नाव चिठ्ठीवर लिहून त्याच्या गळ्यात बांधायचं आणि शेजारच्याच्या बैलाचं नाव वाचायचं.

रोजची दहा मिनिटं, आणि तपासणी

शाळा सुटण्याआधी दहा मिनिटं तुम्ही स्वतः गोष्ट वाचून दाखवा, चित्र मुलांकडे धरून. शाळेच्या कपाटातली पुस्तकं संपली तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी मोफत मिळतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंकही नेटवर आहेत. ते मोठ्या मुलांसाठी असले तरी निवडून वाचून दाखवता येतात. द्विशिक्षकी शाळेत दोन वर्ग एकाच वेळी सांभाळताना चौथीचं एक आणि पहिलीचं एक अशा जोड्या लावा. त्यात चौथीतल्या कच्च्या मुलाचं वाचनही सुधारतं.

तपासणीला वेगळी परीक्षा नको. दर पंधरवड्याला प्रत्येक मुलाला एक मिनिट द्या, डबीतल्या पट्ट्या आणि एक नवीन वाक्य वाचू द्या आणि कुठं अडलं तेवढं वहीत टिपा. वाचून झालं की एक प्रश्न विचारा: "बकरी कोणी आणली?" ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानातही तिसरीच्या अखेरीस मुलानं समजून वाचावं हीच अपेक्षा आहे. घडाघडा वाचणारं पण उत्तर न देणारं मूल वहीत वेगळ्या खुणेनं नोंदवा. त्याला जास्त अक्षरं नकोत, जास्त गप्पा हव्यात.

दिवाळीच्या सुमारास वेचणीचा हंगाम असतो. काही मुलं आईबापांसोबत कापूस वेचायला जातात, काही गावच सोडून जातात. जाणाऱ्या मुलाची डबी त्याच्यासोबत द्या, आणि सोबत पेन्सिलीचा तुकडा व चार कोऱ्या पट्ट्या. त्या वर्षीच्या हंगामात बकरीवाली पोरगी दीड महिन्यानं परत आली. तिच्या डबीत माझ्या हातच्या पट्ट्या होत्या आणि एका पट्टीवर तिच्या हातचं वाकडं 'कापुस' होतं. उकार ऱ्हस्व होता. मी पट्टी तशीच डबीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर पहिलं वाक्य तिचं घेतलं.