इलेक्ट्रिक गाडीत डॅशकॅम: बारा व्होल्ट आधी, जीपीएस नंतर

डॅशकॅम बसवून गेलेली इलेक्ट्रिक गाडी परत येते तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते: "जीपीएस पकडत नाही." वर्कशॉपमधल्या नव्या मुलाचा हात लगेच अँटेनाकडे जातो. मग कॅमेरा बदलून बघतात, दुसराही तसाच वागतो आणि शेवटी खापर गाडीच्या मोटरवर फुटतं. दोष बहुधा वायरिंगमध्ये असतो, नाहीतर काचेवर निवडलेल्या जागेत. म्हणून शंका घेण्याचा क्रम ठरवून टाका. आधी वीज, मग जागा, मग नॉइज, म्हणजे इतर उपकरणांचा विद्युत गोंगाट. कॅमेऱ्यावर संशय सगळ्यात शेवटी.

आयटीआय करून किंवा पेट्रोल गाड्यांवर हात बसवून जे या कामात येतात, त्यांना वायरिंग येतच असतं. अडतं ते इलेक्ट्रिक गाडीच्या सवयींपाशी. अल्टरनेटर नाही. मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर बारा व्होल्टची छोटी बॅटरी भरतो. गाडी 'रेडी' (चालू, निघायला तयार) असताना किंवा चार्जिंगला लावलेली असताना छोट्या बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसतात. गाडी झोपली की आकडा खाली येतो. काही गाड्या उभ्या असतानाही मधूनच जाग्या होऊन छोटी बॅटरी भरून घेतात. आपला कॅमेरा या छोट्या बॅटरीवरच जगतो. नारिंगी आवरणाच्या केबल म्हणजे हाय व्होल्टेज. त्या दिसल्या की हात मागे. तसंही डॅशकॅमसाठी बॉनेटखाली शिरायचं कारण नसतं, केबिनमधला फ्यूज बॉक्स पुरतो.

छोटी बॅटरी उतरली तर मोठी शंभर टक्के भरलेली असूनही गाडी रेडी होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे स्विच) बारा व्होल्टवर ओढले जातात. अनेक गाड्या अशा वेळी चार्जरही घेत नाहीत. पार्किंग मोडचा, म्हणजे गाडी उभी असतानाही चालणाऱ्या रेकॉर्डिंगचा, हिशेब ग्राहकाला कागदावर मांडून दाखवा. पार्किंगमध्ये कॅमेऱ्याने बारा व्होल्टला ०.२५ अँपिअर ओढले तर २४ तासांत ६ अँपिअर-तास गेले. छोटी बॅटरी ४० अँपिअर-तासाची लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे. म्हणजे तीन दिवसांत खेळ आटोपतो. दिवाळीत गाडी बेसमेंटला ठेवून आठवडाभर कोकणात जाणाऱ्याला हे आधीच सांगितलेलं बरं.

फ्यूज शोधणं

हार्डवायर किटला (फ्यूज बॉक्समधून वीज घेऊन कॅमेऱ्याला देणाऱ्या संचाला) तीन वायरी असतात. पिवळी कायमच्या करंटला, लाल गाडी चालू असतानाच्या करंटला आणि काळी अर्थिंगला, असं सहसा असतं. रंगावर विसंबू नका, किटवरचं लेबल वाचा. पेट्रोल गाडीत किल्ली फिरवली की लाल वायरीचा फ्यूज सापडतो. इलेक्ट्रिक गाडीत 'एसीसी' (गाडी न चालवता रेडिओसारख्या वस्तूच चालू, अशी अवस्था) नावाची गोष्ट धूसर असते. नुसतं दार उघडलं तरी निम्मे फ्यूज जिवंत होतात. मोबाइलवरून एसी चालू केला तरी होतात, रात्रभर चार्जिंग चालू असलं तरी काही जिवंतच राहतात. लाल वायर अशा फ्यूजवर असली तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्रभर भिंतीचं शूटिंग होतं, कार्ड भरतं आणि हवी ती क्लिप पुसली जाते.

म्हणून प्रत्येक फ्यूज चार अवस्थांत मोजा: गाडी लॉक करून अर्धा तास झाल्यावर, दार उघडल्यावर, रेडी असताना आणि चार्जिंग चालू असताना. चारही आकडे लिहून ठेवा. लॉक अवस्थेत मोजताना दार उघडं तर हवं, पण गाडीला ते बंद वाटलं पाहिजे. त्यासाठी दाराचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच बंद करा. मोजून झालं की आधी हँडल ओढून लॅच मोकळं करा आणि मगच दार लावा, नाहीतर लॅच खांबावरच्या हुकाला आपटून वाकेल. किल्ली चार-पाच मीटर दूर ठेवा. खिशातली किल्ली जवळ असली की काही गाड्या झोपतच नाहीत आणि सगळे आकडे खोटे येतात.

लाल वायरीला असा फ्यूज हवा, जो फक्त रेडी अवस्थेत जिवंत आहे. बारा व्होल्टचं सॉकेट किंवा मागचा वायपर हे बरे उमेदवार. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग, बॅटरी मॅनेजमेंट आणि समोरच्या एडास (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेच्या) कॅमेऱ्याच्या फ्यूजला हात लावायचा नाही. पिवळीसाठी असा फ्यूज, जो अर्ध्या तासानंतरही मरत नाही. काही 'कायमचे' फ्यूज गाडी झोपली की बंद पडतात. मग पार्किंग मोड पहिली वीस मिनिटं चालतो आणि ग्राहक म्हणतो, कॅमेरा खराब.

फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेतून जादा वायर काढून देणारा जोड) गाडीतल्या फ्यूजच्याच मापाचा घ्या. मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-२ दिसायला सारखे वाटतात, पण एकमेकांच्या खाचेत नीट बसत नाहीत. जबरदस्तीने खुपसलेला टॅप खाच फाकवतो आणि महिन्याभराने कनेक्शन लूज होतं. टॅपला दिशाही असते. मूळ फ्यूज काढा आणि खाचेच्या दोन पायांपैकी कुठल्यावर करंट येतो ते मीटरने बघा. मग टॅपमध्ये फक्त नवा फ्यूज घाला आणि टॅपचा कुठला पाय वायरीशी जोडलेला आहे ते कंटिन्युइटीवर तपासा. तो पाय करंटच्या बाजूला गेला पाहिजे. उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, पण त्याचाही भार मूळ फ्यूजमधून जातो. कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. वायर सोलून स्कॉचलॉक (वायरीत टोचून जोड देणारी क्लिप) मारणं बंद करा. वॉरंटीच्या वादात सर्व्हिस सेंटरवाला पहिलं बोट तिथेच ठेवतो.

अर्थिंग कंपनीने दिलेल्या अर्थ पॉइंटवरच घ्या. रंग दिलेला बोल्ट नको, सीटबेल्टचा तर अजिबात नको. छोट्या बॅटरीच्या मायनस टर्मिनलवरही थेट जोडू नका. तिथे करंट मोजणारा सेन्सर असेल तर त्याला वळसा बसतो आणि गाडीचा हिशेब चुकतो.

कटऑफ, म्हणजे किट कॅमेऱ्याची वीज तोडतो तो व्होल्टेज, किती ठेवायचा? लेड-अ‍ॅसिडला १२.२ व्होल्ट म्हणजे साधारण निम्मी बॅटरी, तेव्हा १२.२ ते १२.४ ठेवा. किटमध्ये ११.६ आणि ११.८ ही सेटिंगही मिळतात, ती इथे निरुपयोगी. काही नव्या गाड्यांत छोटी बॅटरीही लिथियमची असते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल विश्रांतीत १३.२ च्या आसपास राहतात आणि बराच काळ तिथेच राहून शेवटी एकदम कोसळतात. तिथे १२ व्होल्टचा कटऑफ लागेपर्यंत बॅटरी जवळजवळ संपलेली असते. अशा गाडीत पार्किंग मोडसाठी वेगळा बॅटरी पॅक द्या, नाहीतर तो मोड बंदच ठेवा.

काचेवरची जागा

मधल्या आरशामागच्या हातभर जागेवर एडास कॅमेरा, पावसाचा सेन्सर, फास्टॅग आणि आपला डॅशकॅम असे चार दावेदार असतात. एडासच्या समोर काहीही येऊ द्यायचं नाही. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याला कॅमेऱ्याची धातूची पट्टी चिकटली तर सी लिंक किंवा अटल सेतूच्या टोलवर टॅग वाचला जात नाही. डॅशकॅमची लेन्स वायपरच्या फिरण्याच्या पट्ट्यात हवी. हे एप्रिलमध्ये कुणाच्या लक्षात येत नाही, जुलैमध्ये सगळ्यांच्या येतं.

काही गाड्यांच्या काचेला उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असतो आणि तो जीपीएसही अडवतो. अशा काचेत आरशाजवळ थर नसलेला तुकडा सोडलेला असतो. अँटेना तिथेच हवा. तपासायला मोबाइलमध्ये उपग्रहांची ताकद डीबी-हर्ट्झमध्ये दाखवणारं अ‍ॅप घ्या. फोन बाहेर आकाशाखाली धरा, मग आत काचेला टेकवून धरा. बाहेर ४० च्या वर असलेले आकडे आत ३० च्या खाली येत असतील तर काच किंवा फिल्म सिग्नल खाते. धातूची सन-फिल्म लावून घेणारे अजून भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी आणली होती. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यावा असा नियम आहे. हे ग्राहकाच्या कानावर घाला.

टेप लावण्याआधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. पावसाळ्यात आधी दहा मिनिटं एसी चालवा. वायर छताच्या कडेने आणि बीडिंगखालून न्या. ए-पिलरमध्ये पडद्याची एअरबॅग असते. वायर तिच्या मागून जाते, पुढून कधीच नाही.

जीपीएस का पकडत नाही

उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर वर असतात. जमिनीवर पोचतो तो सिग्नल उणे १३० डीबीएमच्या आसपास, म्हणजे नगण्यच. त्याची फ्रिक्वेन्सी १५७५.४२ मेगाहर्ट्झ. एवढा बारीक आवाज ऐकायचा असेल तर शेजारी कुणी ओरडत असता कामा नये. ओरडणारा बहुधा हार्डवायर किटमधला बारा व्होल्टचे पाच करणारा स्वस्त कन्व्हर्टर असतो, सॉकेटमधला दुहेरी यूएसबी चार्जर असतो, नाहीतर खुद्द कॅमेऱ्याचा बोर्ड. मोटरचा इन्व्हर्टर काही किलोहर्ट्झच्या पट्टीत स्विच करतो, दीड गिगाहर्ट्झपर्यंत त्यातलं फारच थोडं पोचतं. त्यामुळे मोटरला दोष देण्याआधी खालची चाचणी करा.

कॅमेरा पॉवर बँकवर लावा आणि गाडीबाहेर उघड्या आकाशाखाली धरा. माहितीची एक फ्रेम यायला ३० सेकंद लागतात. पूर्ण थंड कॅमेऱ्याला दोन-तीन मिनिटं द्या, बेसमेंटमध्ये उभं राहून वाट पाहू नका. जीपीएस लॉक झाला, म्हणजे उपग्रह पकडले, तर कॅमेरा ठीक. मग तोच कॅमेरा, तीच पॉवर बँक, पण काचेवर आणि गाडी बंद. इथे अडला तर जागा किंवा काच. मग गाडी रेडी करा, पॉवर बँक तशीच ठेवा. इथे अडला तरच गाडीतल्या इतर वस्तूंकडे बघा, सॉकेटमधलं सगळं उपसून पुन्हा तपासा. शेवटी हार्डवायर किट जोडा. इथे अडला तर दोष किटचा किंवा वायरीच्या मार्गाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदललीत तर दुरुस्ती होईल, पण कशाने झाली ते कळणार नाही आणि पुढच्या गाडीवर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

फुकटची एक खूण म्हणजे एफएम रेडिओवर दुबळं स्टेशन लावायचं. किट जोडल्यावर खरखर वाढली तर किट नॉइज फेकतोय. कन्व्हर्टर अँटेनापासून दूर, खाली फ्यूज बॉक्सजवळ ठेवा. वायरीवर फेराइटची (नॉइज अडवणारी) क्लिप कॅमेऱ्याच्या टोकाजवळ लावा आणि वायरीचे एक-दोन वेढे तिच्यातून घ्या. उरलेल्या वायरीचं भेंडोळं आरशामागे कोंबू नका, ते पिलरच्या तळाशी बांधा. फेराइट, टॅप, चांगल्या क्रिम्प लॅमिंग्टन रोडवर मिळतात. तुटलेल्या ट्रिम क्लिपांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठा.

अनेक कॅमेऱ्यांत जीपीएस माउंटमध्ये (काचेला चिकटणाऱ्या स्टँडमध्ये) असतो. वायर माउंटला न लावता कॅमेऱ्याच्या पोर्टला लावली की व्हिडिओ उत्तम येतो आणि जीपीएस मेलेला राहतो. या एका कारणाने परत आलेले कॅमेरे कमी नाहीत. वेगळा अँटेना असेल तर त्याची सपाट बाजू आकाशाकडे हवी. तीन-चार मीटरच्या बारीक वायरीत ५ व्होल्टचे ४.६ झाले तर कॅमेरा मधूनच रीस्टार्ट होतो आणि जीपीएस दर वेळी नव्याने शोधायला लागतो. मोजमाप भार चालू असताना कॅमेऱ्याच्या टोकाला करा. मोकळ्या वायरीवर ५ दिसतातच.

मग फेरी मारा. मरीन ड्राइव्हवर निम्मं आकाश मोकळं मिळतं. कोस्टल रोडचा बोगदा सुमारे दोन किलोमीटरचा आहे, आत लॉक जाणारच. बाहेर पडल्यावर काही सेकंदांत परत आला तर काम चोख. मिनिटभर लागला तर सिग्नल काठावर आहे, नॉइजची चाचणी पुन्हा करा. मोहम्मद अली रोडवर जेजे पुलाखाली किंवा अंधेरी-कुर्ला रस्त्यावर मेट्रोखाली नकाशावरचा ठिपका उडतो. लोअर परळच्या टॉवरांमध्ये काचांवरून परतलेले सिग्नल वेग चुकीचा दाखवतात. तिथे पकड दुबळी दिसली म्हणून अँटेना हलवत बसू नका.

वेळ तपासल्याशिवाय गाडी सोडू नका. जीपीएसची वेळ जागतिक असते, आपल्याला त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवावी लागतात. काही कॅमेऱ्यांत फक्त पूर्ण तासांची सेटिंग असते, तिथे जीपीएसवरून वेळ घेणं बंद करून घड्याळ हाताने लावा. अपघाताच्या फुटेजवर अर्ध्या तासाची तफावत दिसली की समोरचा वकील तीच धरून बसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) द्यावी लागते. अपघातानंतर मूळ कार्ड लगेच काढून बाजूला ठेवा, त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ देऊ नका, हे ग्राहकाला समजावून सांगा. कार्ड हाय-एन्ड्युरन्सचंच (सततचं रेकॉर्डिंग सोसणारं) द्या. साधं कार्ड ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या काचेमागे फार दिवस टिकत नाही.