वाढलेल्या क्रिएटिनिनचा उलगडा

चाळिशीत केलेल्या नेहमीच्या तपासणीत माझे सीरम क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात त्या टाकाऊ पदार्थाचे प्रमाण) वाढून १.४५ आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ६२ इतका कमी आला, तेव्हा युरिया व लघवीची साधी तपासणी मात्र व्यवस्थित होती. ही विसंगती पाहून डॉक्टरांनी आधी माझी दिनचर्या विचारली. मी व्यायामशाळेत जड वजने उचलत होतो आणि रोज क्रिएटीनची पूड (स्नायूंसाठीचे पूरक) घेत होतो. क्रिएटिनिन स्नायूंतील क्रिएटीनपासूनच तयार होत असल्याने मूत्रपिंडे निरोगी असूनही आकडा चढू शकतो. तपासणीपूर्वी खाल्लेल्या शिजवलेल्या मांसानेही तो काही तास वाढतो. ट्रायमेथोप्रिम (प्रतिजैविक) किंवा सिमेटिडीन (आम्लपित्तावरचे औषध) चालू असल्यास गाळण्याचा वेग न घटताही क्रिएटिनिनचे उत्सर्जन अडते. (क्रिएटिनिन मोजण्याच्या जाफे या रासायनिक पद्धतीत रक्तातील कीटोनसुद्धा खोटी वाढ दाखवतात, हे अहवालावर सहसा छापलेले नसते.)

डॉक्टरांच्या सल्ल्याने मी पूड काही आठवडे बंद ठेवली, तपासणीच्या आधी जड व्यायाम व मांसाहार टाळला, पाणी नेहमीइतकेच प्यायलो आणि त्याच प्रयोगशाळेत क्रिएटिनिनसोबत सिस्टॅटिन सी (मूत्रपिंडांचे काम मोजण्यासाठी तपासले जाणारे रक्तातील दुसरे प्रथिन) व लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही (लघवीतून प्रथिन गळते का, हे दाखवणारे) करून घेतले. सिस्टॅटिन सी स्नायूंवर फारसे अवलंबून नसते, मात्र थायरॉइडचे विकार आणि स्टेरॉइड त्यालाही बदलतात. मला दोन्ही लागू नव्हते. क्रिएटिनिन १.१ वर उतरले, सिस्टॅटिनवरून काढलेला ईजीएफआर ९० च्या वर आला आणि गुणोत्तर ३० या सामान्य मर्यादेच्या बरेच खाली राहिले. व्यायाम पुन्हा सुरू केला आहे, पूड नाही.