मोठ्या घरातलं वाय-फाय सुधारताना होणाऱ्या चुका

मोठ्या घरातलं वाय-फाय सुधारायचं ठरलं की बहुतेक जण खरेदीपासून सुरुवात करतात. जास्त अँटेनांचा राउटर येतो, जुन्याच्या जागेवर बसतो आणि मागच्या खोलीत जाऊन बघावं तर रेंज होती तशीच. यात राउटरचा दोष क्वचितच असतो. दोन-तीन मजले आणि जाड भिंती असलेल्या घरात सिग्नल देणारी ठिकाणं वाढवावी लागतात आणि ती ठिकाणं शक्यतो केबलनेच एकमेकांना जोडावी लागतात. हे आधी लक्षात घेतलं असतं तर पुढच्या बऱ्याच चुका झाल्याच नसत्या.

दोष कुठे आहे हे न शोधता पैसे घालणं

एक लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड मोजा. घेतलेल्या प्लॅनइतका स्पीड तिथेच मिळत नसेल तर अडचण लाइनमध्ये, राउटरमध्ये किंवा त्या केबलमध्ये आहे. वाय-फायवर कितीही खर्च केलात तरी ती जाणार नाही.

केबलवर सगळं ठीक असेल तर ज्या खोलीत त्रास होतो तिथे वाय-फायवर बसून कमांडच्या दोन खिडक्यांमध्ये पिंग (समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) चालू ठेवा. एक राउटरच्या पत्त्याला (बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो) आणि दुसरा बाहेरच्या ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. राउटरचाच पिंग कधी ५ मिलिसेकंद, कधी ३०० असा उड्या मारत असेल तर दुखणं वाय-फायचं. राउटरचा पिंग स्थिर आणि फक्त बाहेरचा उसळत असेल तर दुखणं लाइनचं. घरात कुणी मोठी फाइल अपलोड करत असतानाच बाहेरचा पिंग वाढतो का, तेही बघा. तसं होत असेल तर राउटरमध्ये पॅकेटांची रांग तुंबते आहे, आणि त्यावर एसक्यूएम किंवा क्यूओएस नावाची सेटिंग उपयोगी पडते. हा तपास दहा मिनिटांत होतो आणि त्यावरून पुढची दिशा ठरते, म्हणून तो चुकवू नका.

सिग्नलच्या काड्यांवर विश्वास ठेवणं

फोनवरच्या काड्या फार ढोबळ असतात. वाय-फाय अॅनालायझरचं एखादं अॅप घ्या आणि खोलीखोलीतून फिरून आकडे लिहून ठेवा. हे आकडे डीबीएम या सिग्नलच्या मापात आणि उणे असतात, शून्याच्या जितके जवळ तितके बरे. उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून बरा सिग्नल असेल तर व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या खाली गेलं की अडकायला लागतं आणि उणे ८० पलीकडे नावापुरतं कनेक्शन उरतं. राउटरची ताकद वाढवल्याने हे सुटेल असं वाटतं, पण फोनलाही राउटरकडे उत्तर पाठवावं लागतं आणि त्याचा रेडिओ लहान असतो. राउटरचा सिग्नल फोनपर्यंत पोचला तरी फोनचा राउटरपर्यंत पोचत नाही. काड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, त्याचं एक नेहमीचं कारण हेच.

रिपीटर रेंज नसलेल्या खोलीत ठेवणं

रिपीटर स्वतःकडे जे येतं तेच पुढे देतो. जिथे सिग्नल मेलेला आहे तिथे ठेवला तर तो मेलेलाच सिग्नल पसरवेल. राउटर आणि ती खोली यांच्या मधोमध, जिथे सिग्नल अजून चांगला आहे, तिथे तो हवा. जागा बरोबर निवडली तरी साधा रिपीटर एकाच रेडिओवर घेतो आणि त्याच चॅनलवर पुढे देतो. प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, त्यामुळे स्पीड साधारण निम्म्यावर येतो. एका खोलीपुरता हा उपाय चालून जाईल, पण पूर्ण घर रिपीटरवर उभं करू नका.

मेश घेतलं म्हणजे केबल नको, असं समजणं

मेश म्हणजे एकच नेटवर्क पसरवणारे, घरात ठिकठिकाणी ठेवलेले डबे, आणि त्यांनाही एकमेकांशी बोलावं लागतं. ते बोलणं हवेतून होत असेल तर मधल्या भिंती आणि स्लॅब तिथेही आडवे येतातच. ट्राय-बँड, म्हणजे दोनऐवजी तीन बँड असलेल्या मेशमध्ये या बोलण्यासाठी एक बँड राखून ठेवता येतो, त्यामुळे फरक पडतो. पण दोन डब्यांत केबल असेल तर साधं ड्युअल-बँड मेशसुद्धा महागड्या बिनकेबलच्या मेशपेक्षा जास्त भरवशाचं चालतं. घराचं काम चालू असेल, भिंती उघड्या असतील, तर प्रत्येक मजल्यावर किमान एक आणि शक्य असेल तर दोन केबल पाइपातून ओढून घ्या. पुढे भिंत फोडण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

कॅट ५ई या प्रकारच्या नेटवर्क केबलवरून १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट जातं. कॅट ६ वर कमी अंतरात, साधारण ५५ मीटरपर्यंत, १० गिगाबिट मिळू शकतं. घरासाठी कॅट ६ पुरते, फक्त ती शुद्ध तांब्याची आहे ना, ते विचारून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल सीसीए या नावाने स्वस्तात मिळते. ती वाकवताना तुटते, आणि छतावर लावलेल्या, वाय-फाय पसरवणाऱ्या डब्याला म्हणजेच अॅक्सेस पॉइंटला केबलमधूनच वीज द्यायची असेल, म्हणजे पीओई वापरायचं असेल, तर गरम होते.

केबल टाकूनही एक खूण लक्षात ठेवा. प्लॅन मोठा आहे आणि स्पीड मात्र काहीही केलं तरी ९०-९५ एमबीपीएसच्या वर जात नाही, तर वाटेत कुठेतरी लिंक १०० वर अडकली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एक तार कनेक्टरमध्ये नीट दाबून बसली (क्रिंप झाली) नसेल तर बऱ्याचदा कनेक्शन तुटत नाही, गुपचूप १०० वर उतरतं, आणि लोक महिनोन्महिने इंटरनेट कंपनीशी भांडत राहतात. कनेक्टर पुन्हा क्रिंप करा, आणि मधला स्विच (अनेक केबल एकत्र जोडणारा डबा) जुना १०० वाला तर नाही ना तेही बघा.

केबल ओढणं अशक्यच असेल आणि भिंतीत टीव्हीची जुनी कोॲक्स केबल असेल, तर मोका अडॅप्टर लावून तीच नेटवर्कसाठी वापरता येते. विजेच्या वायरिंगवरून चालणारे पॉवरलाइन अडॅप्टर घराच्या वायरिंगवर इतके अवलंबून असतात की आधी लावून बघितल्याशिवाय त्यांचा भरवसा धरू नये.

दोन राउटर एकामागे एक

इंटरनेट कंपनीने दिलेला डबा बहुधा स्वतःच राउटर असतो. त्याच्या मागे आपला नवा राउटर तसाच लावला की घरात दोन नेटवर्क होतात. एकावरचा प्रिंटर दुसऱ्यावरच्या फोनला सापडत नाही, बाहेरून कॅमेरा बघताना अडचण येते, ऑनलाइन गेम तक्रार करतात. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाका, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद होईल, किंवा आपला राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर चालवा. जुन्या राउटरमध्ये तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याला त्याच नेटवर्कमधला वेगळा पत्ता द्या आणि केबल वॅनच्या (इंटरनेटच्या) पोर्टऐवजी लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टला लावा. डीएचसीपी दोन ठिकाणी चालू राहिलं तर काही उपकरणांना इंटरनेट मिळतं, काहींना नाही, आणि रीस्टार्ट केल्यावर दुसरीच बंद पडतात.

जागा, चॅनल आणि ताकद

लोखंडी कपाट, टीव्हीची मागची बाजू, आरसा, पाण्याची टाकी यांच्याजवळ राउटर नको. मोकळ्यावर, उंचावर ठेवा. वाय-फाय २.४, ५ आणि ६ गिगाहर्ट्झ या बँडवर चालतं. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीत २.४ पेक्षा लवकर विरतो आणि ६ गिगाहर्ट्झचा त्याहूनही लवकर, त्यामुळे नव्या पिढीचं वाय-फाय ७ घेतलं तरी ठिकाणांची संख्या कमी होत नाही.

२.४ वर १, ६ आणि ११ हीच चॅनल वापरा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि जवळजवळच्या दोन अॅक्सेस पॉइंटना वेगवेगळं चॅनल द्या. ५ गिगाहर्ट्झवरच्या ५२ ते १४४ या चॅनलवर रडारचा सिग्नल दिसला की राउटरला ती जागा सोडावी लागते. अधूनमधून नेटवर्क मिनिटभर गायब होऊन परत येत असेल तर ३६ किंवा १४९ वर आणून बघा.

सगळ्या अॅक्सेस पॉइंटची ताकद पूर्ण ठेवणं ही मला सर्वांत जास्त दिसणारी चूक. कुठल्या अॅक्सेस पॉइंटला चिकटायचं हे फोन ठरवतो. खालचा सिग्नल वरच्या मजल्यावरही ऐकू येत राहिला तर फोन त्यालाच धरून बसतो, शेजारी चांगला अॅक्सेस पॉइंट असला तरी. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सगळीकडे एकच ठेवा, ताकद मध्यमवर आणा, मग चालता चालता कॉल करून बघा. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

यानंतर स्मार्ट बल्ब किंवा प्लग जोडलेच जात नसतील तर ते बहुधा फक्त २.४ वर चालणारे असतात आणि डब्ल्यूपीए ३ हा सुरक्षेचा नवा प्रकार त्यांना कळत नाही. त्यांच्यासाठी २.४ वर डब्ल्यूपीए २ या जुन्या प्रकारचं, वेगळ्या नावाचं नेटवर्क काढा आणि मुख्य नेटवर्कची सुरक्षा आहे तशीच ठेवा.