हॅण्डीत पाच चॅनेल भरा आणि अंतराळ स्थानक ऐका

बेळगावच्या खडे बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. स्कॅनर, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी ऐकणारा रेडिओ, दिसला की पोरं विचारतात, "काका, यात पोलिसांचं लागतं काय?" ते ऐकणं गुन्हा आहे, मी शिकवत नाही. ट्रंक सिस्टिममध्ये, म्हणजे पुष्कळ सेट थोड्याच फ्रिक्वेन्सी वाटून वापरतात तिथं, बोलणं एका फ्रिक्वेन्सीवर थांबतही नाही, कंट्रोल चॅनेल दर वेळी रिकामी फ्रिक्वेन्सी वाटून देतो. सरकत्या फ्रिक्वेन्सीमागं लागायची हौस असेल तर वर बघा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅमसाठीच, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठीच ठेवलेला रिपीटर आहे. रिपीटर म्हणजे आलेला आवाज पुन्हा पाठवणारा सेट. तो 437.800 मेगाहर्ट्झवर खाली बोलतो. 2025 मध्ये शुभांशु शुक्ला तिथूनच हॅम रेडिओवर शाळेच्या पोरांशी बोलले.

हॅण्डी, म्हणजे बोलता-ऐकता येणारा हातातला सेट, नुसता जवळ ठेवायलाही लायसन्स लागतं. फक्त ऐकणारा स्कॅनर असेल तरी भरायची रीत तीच.

मी पहिल्यांदा नुसता 437.800 भरला. स्थानक आभाळातून जातं त्या दहा मिनिटांच्या फेरीत मधली दीड-दोन मिनिटंच धड आवाज आला. कारण टिळकवाडीच्या रेल्वे गेटावर उभं राहिलं की कळतं: गाडी येताना भोंगा चढा लागतो, पुढं गेली की एकदम उतरतो. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जोरात पळतं, म्हणून त्याची फ्रिक्वेन्सी उगवताना सुमारे 10 किलोहर्ट्झ वर असते आणि मावळताना तेवढीच खाली जाते.

म्हणून चॅनेल पाच भरायचे. व्हीएफओ मोडला, म्हणजे फ्रिक्वेन्सी हातानं घालायच्या मोडला या, स्टेप 5 किलोहर्ट्झ ठेवा, मोड एफएम. मग 437.810 मेमरीत टाका, त्यापुढं ओळीनं 437.805, 437.800, 437.795 आणि 437.790. नंबर लागोपाठचेच द्या, म्हणजे फेरी चालू असताना नुसती नॉब फिरवायची, बटणं दाबत बसायला वेळ नसतो. 145.800 सहाव्यावर ठेवा, शाळांशी गप्पा तिथं होतात. तिथं फरक साडेतीन किलोहर्ट्झचाच, एका चॅनेलात भागतं.

आता जिथं सगळे अडकतात ते. 67 हर्ट्झचा टोन, म्हणजे आवाजाबरोबर जाणारा खुणेचा सूर, रिपीटरकडं पाठवताना लागतो. तो ऐकण्याच्या बाजूलाही लावून ठेवला तर आवाज असून सेट मुका राहतो, तेव्हा तिथं टोन ऑफ. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारी सोय, शून्यावर आणा, खरखर सोसा, कारण बारीक सिग्नल त्या खरखरीतच असतो. बॅटरी सेव्हर बंद करा, तो रिसीव्हर मधेमधे झोपवतो आणि पहिला शब्द गिळतो.

अँटेनाचं टोक स्थानकाकडं रोखू नका, टोकाच्या दिशेला ती सगळ्यात कमी ऐकते. आडवी धरा आणि मनगट हळूहळू फिरवत राहा, एका कोनात आवाज उघडतो. आमच्याकडं जून ते सप्टेंबर आभाळ दिसत नाही, पण या फ्रिक्वेन्सीला ढगांचं काही नाही. छत्रीखाली उभं राहून मी ऐकलंय.

वेळ मोबाइलवरच्या सॅटेलाइट ट्रॅकर ॲपमध्ये बेळगाव घालून काढा. पहिल्यांदा क्षितिजापासून 40 अंशांच्या वर चढणारीच फेरी निवडा. पुढची फेरी साधारण दीड तासानं, पण पश्चिमेला सरकलेली असते आणि त्या बाजूला सह्याद्री आडवा येतो. ती ऐकायची तर येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढा.