पट्टे रंगवलेले की चिकटवलेले?

अमेरिकेत २०२० ची शेल्बी जीटी ५०० ही फोर्डची मस्टँग गाडी सेकंडहँड घेताय? मग बॉनेटवरच्या रुंद पट्ट्यांच्या कडेवरून नख फिरवून बघा. व्हायनल, म्हणजे चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म असेल तर नख हलकेच अडतं. रंगवलेला पट्टा क्लिअर कोटखाली, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराखाली असतो, तिथे कड जेमतेम लागते. बॉनेट उघडलंत तर पुढच्या काठावर आत दुमडलेली फिल्मही दिसेल. फरक मोठा आहे, फोर्ड रंगवलेल्या पट्ट्यांचे १०,००० डॉलर जादा घेत होती! मला विचाराल तर व्हायनलच बरं, कंटाळा आला की काढता येतं. काढताना हेअर ड्रायरने कोमट करा आणि पत्र्यालगत मागे दुमडत सावकाश ओढा. सरळ वर खेचलं की गोंद रंगावरच राहतो. धुताना प्रेशर वॉशर कडेपासून लांब ठेवा.